शांततेला वस्तू-क्रमांक नाही

विभागप्रमुखांनी ते पत्र वाचलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि पुढचा सगळा घोटाळा त्या पाण्यापासून सुरू झाला. कोरड्या डोळ्यांनी वाचलं असतं तर पत्र नीट दिसलं असतं.

पत्र त्यांच्या हाताखालच्या एका मुलीचं होतं. तिला सगळे ‘दशांश’ म्हणत. प्रमुखांची कंपनी वजनकाटे आणि थर्मामीटर तपासून ते बरोबर असल्याचं सर्टिफिकेट देते. ही सर्टिफिकिटं बाहेर जाण्याआधी एकदा वाचून त्यातल्या चुका काढणं हे हिचं काम. चार वर्षांपूर्वी, नवीन असताना, तिने एका प्रसूतिगृहातल्या काट्याच्या सर्टिफिकेटवर एक घर सरकलेलं दशांश टिंब पकडलं होतं. त्यावर सहा जणांच्या सह्या झाल्या होत्या. सहापैकी एक सही प्रमुखांची होती, त्यामुळे तो प्रसंग ते सहसा सांगत नसत. पण नाव तिला तेव्हापासून चिकटलं. गेली दोन वर्षं ती घरून काम करत होती आणि तिच्याबद्दल कुणाची काही तक्रार नव्हती. तिची मात्र सगळ्यांच्या कामाबद्दल असे, आणि ती रास्त असे.

आता नवीन नियम आला होता. पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून प्रत्येकाने आठवड्यातले तीन दिवस ऑफिसात यायचं, नाहीतर ‘वैयक्तिक सुविधा’ मंजूर करून घ्यायची. दशांशचं कंत्राट या महिन्याच्या तीस तारखेला संपत होतं. तीन दिवस येणार नाही आणि सुविधाही मंजूर नाही, तर कंत्राट पुढे जाणार नाही, असं साधं गणित होतं.

तिने लिहिलं होतं की तिला ऑटिझम आहे, हे तिला एकोणतिसाव्या वर्षी कळलं, आणि त्यामुळे आवाज, गर्दी आणि अचानक घडणाऱ्या गोष्टी तिला इतरांपेक्षा खूप जास्त दमवतात. म्हणून चार विनंत्या होत्या. तीनऐवजी एकच दिवस ऑफिस, आणि तो दिवस ठरलेला. त्या दिवशी भिंतीकडे तोंड असलेली एकच कायमची जागा. काम आणि प्रश्न लेखी. आणि मीटिंग किंवा भेट असेल तर आदल्या दिवशी कळवणं. खाली तारीख, तीन, आणि सही.

चारांपैकी एकाही गोष्टीला काही खर्च नव्हता. एक बाक भिंतीकडे फिरवायचा आणि बाकीच्यांनी जरा तोंड आवरायचं, एवढंच. पण प्रमुख मोठ्या मनाचे होते, आणि एवढ्याशा मागणीने त्यांच्या मनाचं समाधान होईना. त्यांनी तिला लगेच कळवलं, “काळजी करू नकोस. मी बघतो. आपण यावर काहीतरी भरीव करू.”

तिचं उत्तर आलं, “भरीव नको, सर. पत्रात आहे तेवढंच हवं.”

हे त्यांना विनयाचं लक्षण वाटलं.

दुसऱ्याच कामाच्या दिवशी ते मनुष्यबळ विभागात गेले. तिथल्या बाईंना ऑफिसात मागून ‘नियमावली’ म्हणत; पुढून म्हणायची कुणाची छाती नव्हती. बाई मनाने वाईट नव्हत्या. पत्र वाचून त्याही हळहळल्या, आणि हळहळतच त्यांनी संगणकावर फॉर्म उघडला.

“बोला, कुठली सुविधा?”

“शांतता.”

बाईंनी यादी वरून खाली आणि खालून वर पाहिली. “शांतता नाही यात. व्हीलचेअरसाठी उतरता मार्ग आहे, खुर्ची आहे, मोठ्या अक्षरांचा पडदा आहे, पायाखालचं स्टूल आहे. शांततेला वस्तू-क्रमांक नाही, सर.”

“मग रिकामं सोडा.”

“रिकामं सोडलं तर संगणक पुढे जात नाही.”

“मग ‘इतर’ म्हणा.”

“‘इतर’चाही वस्तू-क्रमांक लागतो.” बाईंनी चष्मा पुसला. “असं करू. आत्ता खुर्ची टाकू. एकदा प्रकरण आत शिरलं की मग आतून बदलता येतं.”

प्रमुखांना हा सल्ला अत्यंत मुरब्बी वाटला. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी प्रकरणं आत शिरताना पुष्कळ पाहिली होती. आतून बदललेलं एकही पाहिलं नव्हतं, पण ते त्यांना त्या क्षणी आठवलं नाही. त्यांनी सही केली.

त्या कंपनीत साधी टाचणी मागवली तरी दीड महिना लागतो. खुर्ची चौथ्या दिवशी आली. फॉर्मवर ‘कामाचे ठिकाण’ म्हणून घर लिहिलेलं असल्यामुळे ती थेट घरी गेली. नऊ तारखेला दुपारी प्रमुखांना दशांशचा निरोप आला: “आज ११.४० ला दोन माणसं न कळवता आली. त्यांनी माझी खुर्ची बाहेर काढून त्यांची आत ठेवली. मला तिच्यावर बसवून पुरावा म्हणून फोटो काढला. हसा म्हणाले. मी खुर्ची मागितली नव्हती. नवीन खुर्ची दाराच्या चौकटीपेक्षा चार सेंटिमीटर रुंद आहे, त्यामुळे ती आत कशी गेली हे मला कळलेलं नाही आणि बाहेर कशी काढायची हे त्यांना कळलेलं नाही. त्यानंतर दोन तास काम झालं नाही.”

प्रमुखांनी उत्तर दिलं, “ही फक्त सुरुवात आहे.” धीर देण्याच्या हेतूनेच लिहिलं होतं.

प्रमुखांच्या घरी हा विषय आता रोजचा झाला होता, आणि त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर असल्यामुळे तो वरखाली दोन्हीकडे पसरला. समोरच्या दारातली दातांची डॉक्टर जिन्यात थांबून म्हणाली, “काका, भिंतीकडे तोंड करून बसवणार तर भिंतीवर काहीतरी लावा. माझ्या दवाखान्यात मी समुद्राचं मोठं चित्र लावलंय.”

“उपयोग होतो?”

“माणसं ओरडतातच. पण समुद्राकडे बघून ओरडतात.”

वरच्या मजल्यावरचे निवृत्त ग्रंथपालांचा अधिकार त्याहून मोठा होता. छत्तीस वर्षं त्यांनी लोकांना गप्प बसवण्याचा पगार घेतला होता. “साहेब, नुसती पाटी लावून काही होत नाही,” ते म्हणाले. “लोकांना पाटी वाचायला येते, पण ती आपल्यासाठी आहे असं कुणालाच वाटत नाही. माझ्या टेबलावर घंटा होती. कुणी कुजबुजलं की मी ठणकन् वाजवायचो. अख्खं वाचनालय दचकायचं.”

“आणि मग शांत?”

“मग शांत. काही वाचक पुन्हा आले नाहीत, पण शांत.”

प्रमुखांनी हेही मनात टिपून ठेवलं. बायको एवढंच म्हणाली, “अहो, पत्र तिचं आहे की या बिल्डिंगचं?”

चौदा तारखेला मनुष्यबळ विभागाने ‘वेगळी मनं, एक कुटुंब’ नावाचं शिबिर ठेवलं. अर्धे लोक ऑफिसच्या सभागृहात, अर्धे आपापल्या घरून पडद्यावर. सूचना सुरू होण्याच्या पंचवीस मिनिटं आधी आली. आपलेपणा वाटावा म्हणून सर्वांनी कॅमेरे सुरू ठेवणं सक्तीचं होतं. प्रमुखांचा तो घरून काम करण्याचा दिवस होता. ते वरून इस्त्रीचा शर्ट आणि खालून घरचा पायजमा अशा मिश्र पद्धतीने हजर राहिले.

प्रशिक्षक सतत हसऱ्या चेहऱ्याचा माणूस होता. सभागृहातला त्याचा आवाज पडद्यावरून फिरून पुन्हा सभागृहात येई, त्यामुळे प्रत्येक वाक्य तो दोनदा बोलल्यासारखा वाटे, आणि दुसऱ्यांदाही त्यात काही सापडत नसे. “आता सगळे डोळे मिटा, मिटा, आणि जोरात टाळ्या वाजवा, वाजवा!” त्रेसष्ट माणसांनी टाळ्या वाजवल्या. दशांशचा चौकोन काळा झाला. तिने कॅमेरा बंद केला होता.

तेवढ्यात प्रमुखांची बायको खोलीत आली. प्रमुखांनी आपला आवाज बंद केला. निदान त्यांनी एक बटण दाबलं, एवढं खरं.

“ती मुलगी आहे का यात?” बायकोने विचारलं.

“आहे ना. काळोख करून बसलीय बिचारी.”

“तिला विचारलंत का, तिला काय हवंय ते?”

“अगं, विचारायचं काय त्यात? अशा लोकांना नीट सांगता येत नाही. आपणच ओळखून करायचं असतं.”

“हो का? तुम्हाला तरी कुठे सांगता येतं? बावीस वर्षं झाली, चहात साखर कमी पडली तर तोंड वाकडं करून कप सरकवता. मीच ओळखायचं, साखर कमी की साहेबांनी ऑफिसात काही घोळ घातला. बहुतेक वेळा घोळच असतो.”

“हळू बोल.”

“का? ऐकू जातंय का कुणाला?”

प्रमुखांनी पडद्याकडे पाहिलं. प्रशिक्षक पहिल्यांदाच हसायचा थांबला होता. सभागृहातली तीस माणसं हसू दाबण्याच्या सामुदायिक प्रयत्नात लालबुंद झाली होती. नियमावलीबाईंनी रुमाल तोंडाशी धरला होता. आणि कोपऱ्यात काळ्या चौकोनाकडून एक लेखी संदेश आला होता, सगळ्यांना दिसेल असा:

“सर, तुमचा आवाज सुरू आहे. आणि मला सांगता येतं. मी तीन तारखेला लेखी सांगितलं आहे.”

प्रमुख त्यानंतर दोन दिवस घरात चहा न बोलता प्यायले. साखर बरोबर होती; दुखत होतं ते दुसरंच. पण त्यांच्याबद्दल एक चांगली गोष्ट सांगितली पाहिजे. त्यांनी कपाटातून पत्र काढलं आणि पुन्हा वाचलं, या वेळी कोरड्या डोळ्यांनी. आणि तिथेच एक नवा अपघात झाला. आयुष्यभर मोजमापात घालवलेल्या माणसाची नजर मोजता येण्यासारख्या गोष्टीवर जाऊन बसते. चार विनंत्यांपैकी लेखी प्रश्न, ठरलेला दिवस, आदल्या दिवशी सूचना, यांत मोजण्यासारखं काही नव्हतं. जागा मात्र मोजता येत होती. जागा ऐकता येत होती, डेसिबलमध्ये. उरलेल्या तीन विनंत्या त्यांच्या मनातून अलगद निसटल्या, जशा तक्त्याच्या बाहेर पडलेल्या नोंदी निसटतात.

त्यांनी आवाज मोजायचं यंत्र घेतलं आणि ऑफिसातल्या एकोणीस जागा दिवसातून तीन वेळा, तीन दिवस मोजल्या. एकशे एकाहत्तर नोंदी झाल्या. ते यंत्र समोर धरून दबक्या पावलांनी येताना दिसले की लोक आपोआप बोलायचे थांबत, त्यामुळे सगळ्या नोंदी वास्तवापेक्षा बऱ्या निघाल्या. पण ते असो. जुन्या फायलींच्या कपाटांमागचा कोपरा सर्वांत शांत ठरला. तिथे टेबल ठेवलं, ते भिंतीकडे फिरवलं, भिंतीवर समुद्राचं चित्र लावलं. आणि शांतता नुसती असून उपयोग नाही, ती राखावी लागते, हे ग्रंथपालांचं तत्त्व स्मरून त्यांनी ते यंत्रच टेबलावर कायमचं बसवलं. पन्नास डेसिबलच्या वर आवाज गेला की त्याने इशारा द्यायचा.

मग कंपनीच्या शिस्तीप्रमाणे यंत्राच्या पाठीवर ‘तपासले’ असा शिक्का असलेली पट्टी चिकटवली गेली, बॅटरीच्या झाकणावरून. अशी पट्टी फाडायची तर त्या कंपनीत एक फॉर्म भरावा लागतो आणि त्यावर दोन तपासनिसांच्या सह्या लागतात. ही शिस्त प्रमुखांनीच बारा वर्षांपूर्वी घालून दिली होती आणि तिचा त्यांना अभिमान होता.

बुधवारी, बावीस तारखेला, दशांश दोन वर्षांनी ऑफिसात आली. ती येऊन कोपऱ्यात बसली, चित्राकडे पाहिलं, ते एका बाजूला दीड अंश कललेलं होतं ते सरळ केलं, आणि काम उघडलं. पहिली वीस मिनिटं सगळं छान होतं. प्रमुख कपाटांच्या फटीतून पाहत होते आणि त्यांचा ऊर भरून आला होता.

एकविसाव्या मिनिटाला सुविधा-समिती अचानक पाहणीला आली. ‘कर्मचाऱ्याला नैसर्गिक अवस्थेत पाहता यावं’ म्हणून न सांगता. नियमावलीबाई, त्यांचे दोन सहकारी, आणि कंपनीच्या बातमीपत्राचा फोटोग्राफर. एका माणसासाठी मोजलेल्या जागेत प्रमुख धरून पाच माणसं उभी राहिली. दशांश भिंतीला चिकटून बसली. फोटोग्राफर म्हणाला, “मॅडम, जरा समुद्राकडे बघा,” आणि शिंकला.

यंत्राने इशारा दिला. इशारा कर्कश होता; नंतर तो मोजला तेव्हा बहात्तर डेसिबल भरला. प्रामाणिक यंत्राने स्वतःचा आवाज मोजला, तो मर्यादेबाहेर आढळला, म्हणून त्याने पुन्हा इशारा दिला. तोही मोजला. हे आता संपणार नाही हे तिथल्या सर्वांच्या एकाच वेळी लक्षात आलं.

“बॅटरी काढा!” नियमावलीबाई ओरडल्या, आणि आवाजात भर पडली.

“पट्टी आहे!” प्रमुख ओरडले.

“फाडा ना मग!”

“फॉर्म लागतो!”

हे वाचून कुणाला हसू येईल. पण बारा वर्षं जो माणूस दुसऱ्यांना पट्टी न फाडण्याबद्दल बजावत आला, त्याचा हात पट्टीपाशी जाऊन खरोखरच थांबला. एकजण फॉर्म आणायला धावला. फॉर्म आला. प्रमुखांनी सही केली. दुसरा तपासनीस जेवायला गेला होता. यंत्र ओरडत होतं, समितीतले लोक एकमेकांना गप्प राहायला ओरडून सांगत होते. तेव्हा दशांश उठली. एक कान खांद्यात दाबून, दुसरा तळहाताने घट्ट झाकून, उरलेल्या हाताने तिने फॉर्म ओढून घेतला आणि दुसरी सही केली. तारीख आणि वेळही घातली. मग तिने पिशवी उचलली आणि कुणाकडे न बघता जिन्याने उतरून घरी गेली. एरवी छापल्यासारखी असणारी तिची सही फॉर्मवर वाकडी झाली होती, हे प्रमुखांनी पाहिलं.

शुक्रवारी समितीचा अहवाल आला. ‘खुर्ची, शांत कक्ष, निसर्गचित्र व यंत्र अशा चार सुविधा देऊनही सदर कर्मचारी एक तासही बसू शकली नाही. कंत्राट पुढे न नेण्याची शिफारस.’

प्रमुखांनी तो अहवाल घरी आणून बायकोला दाखवला. ती म्हणेल ‘मी सांगत होते’, अशी त्यांची तयारी होती. ती तसं काही म्हणाली नाही. म्हणाली, “चार मागितल्या होत्या, चार दिल्यात. फक्त वेगळ्या.”

रविवारी सकाळी ते जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसले आणि थेट संचालिकाबाईंना पत्र लिहिलं. समितीला सुविधा त्यांनी सुचवल्या होत्या, मुलीने नव्हे. तिच्या चारही विनंत्या त्यांनी स्वतः नजरेआड केल्या होत्या. जो कोपरा फसला तो त्यांचा होता. हे लिहिताना तीन पेनं बदलावी लागली. पुढे दोन तक्ते जोडले. घरून काम केलेल्या दोन वर्षांत तिने पकडलेल्या चुका: दोनशे पंचवीस. तिच्या नजरेतून सुटलेल्या: शून्य. शेवटी एक परिच्छेद त्यांनी मोठ्या उमाळ्याने घातला: “आपल्या सूक्ष्म तराजूला आपण वेगळी खोली देतो. वारा लागू देत नाही, हादरा बसू देत नाही, वजन ठेवण्याआधी अर्धा तास स्थिर होऊ देतो. याला आपण लाड म्हणत नाही. अचूक काम हवं असेल तर एवढं करावंच लागतं, असं म्हणतो. माणसाच्या बाबतीत हे आपल्याला का सुचत नाही?” पत्र स्कॅन करून त्यांनी संचालिकाबाईंना मेल केलं, आणि एक प्रत दशांशलाही पाठवली, कारण तिच्याबद्दल तिच्या नकळत काही करायचं नाही एवढं ते शिकले होते.

अकरा मिनिटांत तिचं उत्तर आलं. संचालिकाबाईंना, प्रत प्रमुखांना.

“सरांच्या पत्रात चुका आहेत. एक: तक्ता पहिला, बेरीज. एकशे सतरा आणि अठ्ठ्याण्णव यांची बेरीज दोनशे पंधरा होते, दोनशे पंचवीस नाही. दोन: माझ्या हातून सुटलेल्या चुका शून्य नाहीत. एक आहे. मागच्या वर्षी एका थर्मामीटरच्या क्रमांकातले दोन अंक उलटे गेले होते. ते मला दुसऱ्या दिवशी कळलं आणि मी सर्टिफिकेट बदलून पाठवलं, म्हणून तक्रार आली नाही. तरी ते आधी सुटलं होतं. तीन: तराजू अर्धा तास नाही, पंचेचाळीस मिनिटं स्थिर होऊ द्यायचा असतो. चार: मी तराजू नाही. तो परिच्छेद काढावा.”

प्रमुखांनी कपाळावर हात मारला. “संपलं! अगं, हिने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. मी तिला वाचवतोय आणि ही...”

बायकोने उत्तर वाचलं. “तुम्ही मुद्दाम वाढवून लिहिलं होतं का?”

“छे! घाईत बेरीज चुकली.”

“मग तिने तिचं काम केलं. रविवारी.”

सोमवार अख्खा उत्तराविना गेला. प्रमुखांनी तेवढ्या वेळात सात वेळा मेलची पेटी उघडली, एकदा तर नियमावलीबाईंच्या टेबलापाशी जाऊन उगाच पंख्याची चौकशी करून आले. बाई हळूच म्हणाल्या, “अहवाल मी लिहिला, पण आता वाटतं, सर, तिला आदल्या दिवशी सांगून गेले असते तर?” प्रमुखांनी पंख्याचं बटण उगाच एकदा दाबून पाहिलं.

मंगळवारी संचालिकाबाईंचं उत्तर आलं. तीन ओळी. “दोन वर्षांसाठी कंत्राट मंजूर. तिच्या पत्रातल्या चारही विनंत्या जशाच्या तशा अमलात आणाव्यात, त्यात कुणीही भर घालू नये. विभागप्रमुखांनी यापुढे आकडे असलेलं कोणतंही पत्र तिच्याकडून तपासून घेतल्याशिवाय माझ्याकडे पाठवू नये.”

प्रमुखांनी पहिल्या दोन ओळी बायकोला फोनवर मोठ्याने वाचून दाखवल्या. तिसरी त्यांनी खाकरण्यात घालवायचा प्रयत्न केला, पण बावीस वर्षांच्या सहवासात खाकरणंही वाचता येतं. ती इतकी हसली की शेवटी त्यांनाही हसावं लागलं.

मग त्यांनी दशांशला लिहायला घेतलं. आधी पानभर लिहिलं, त्यात कृतज्ञता, खेद, कंपनीची परंपरा आणि थोडं स्वतःचं बालपण आलं. ते सगळं पुसलं. पुन्हा आठ ओळी लिहिल्या, त्याही पुसल्या. उरलं ते पाठवलं: “माझं चुकलं. यापुढे आधी विचारीन.”

पडद्यावर तिचं नाव उजळलं. ती लिहीत होती, थांबली, पुन्हा लिहू लागली. प्रमुख खुर्चीच्या कडेवर सरकून दुरुस्तीची वाट पाहत बसले. सहा शब्दसुद्धा नसतील, पण तेवढ्यातही आपण काहीतरी घोळ घातला असणार याची त्यांना आता खात्री होती.

उत्तर आलं: “वाचलं. बरोबर आहे.”

चार वर्षांत त्यांच्या कुठल्याही मजकुरावर तिने हे लिहिलं नव्हतं.